बार मिट्झवाची तयारी: मुलगा खडाखडा वाचतो पण कळत काहीच नाही. आपल्या पोरांच्या धर्मशिक्षणाचं पुढे काय?

ठाण्याची_आई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं ते आज लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, सासर-माहेर दोन्ही अलिबाग-रेवदंड्याकडचं, आता तीस वर्षं ठाण्यात. धाकट्याला पुढच्या वर्षी तेरा पूर्ण होतील म्हणजे बार मिट्झवा, मुलाने सिनेगॉगमध्ये (आपल्या प्रार्थनामंदिरात) सगळ्यांसमोर तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) वाचायचा विधी. आठ महिने तयारी चाललीय. आधी एक गृहस्थ घरी येऊन शिकवायचे, ते मुलीकडे इस्राएलला गेले, आता आठवड्यातनं दोनदा अर्धा अर्धा तास व्हिडिओ कॉल. मुलगा हुशार आहे, दालेथ आणि रेश ही हिब्रू अक्षरं सारखी दिसतात तरी आता चुकत नाही, चालीवर म्हणतो, ऐकायला गोड वाटतं.

परवा शुक्रवारी दिवे लावले, मनुकांच्या सरबतावर किद्दुश म्हणजे शनिवार सुरू होतानाचा आशीर्वाद झाला, आणि त्याने 'शेमा' ही आपली मुख्य प्रार्थना म्हणून दाखवली, नुसती पहिली ओळ नाही तर पुढचा सगळा परिच्छेद, न अडखळता. माझ्या डोळ्यात पाणी आलं. आणि मग तो खुर्चीत बसून विचारतो, "आई, पण मी आत्ता काय म्हटलं?"

मला सांगता आलं नाही हो. पहिल्या ओळीचा अर्थ येतो, देव एकच आहे, तेवढा सगळ्यांनाच येतो. पुढचं मीसुद्धा लहानपणापासून पाठ म्हणत आले आणि कधी कुणाला विचारलंच नाही.

रात्री सासऱ्यांची जुनी वही काढली, त्यांनी बालबोधमध्ये प्रार्थना उतरवून घेतल्यात, बोरूने लिहिल्यासारखं ठसठशीत अक्षर, आणि प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात मराठी. 'वेशिनन्ताम लेवानेखा' च्या खाली लिहिलंय, "आणि ते तू आपल्या मुलांना शिकव". पुढे घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना याविषयी बोलत जा असं. म्हणजे जे वाक्य मुलांना शिकवा म्हणून सांगतंय तेच मी मुलाला शिकवलेलं नाही. त्या रात्री झोप नाही लागली.

माझा प्रश्न सरळ आहे. आपल्याकडे आता मुलांना हे शिकवणारी शाळा राहिलेली नाही, शिकवणारी माणसं एकेक करून इस्राएलला गेली, मग आपण नक्की काय करायचंय? ज्यांची मुलं शिकतायत त्यांनी सांगा, इस्राएलवाल्यांनीही सांगा.

जुना_माझगावकर
ताई, लेकराने फार मोलाचा प्रश्न विचारलाय, त्याला जपा.

माझं वय शहात्तर. माझी आई माझगावच्या शाळेत शिकली, सर एली कदूरी हायस्कूल म्हणतात ती. तिचं मूळ नाव इस्राएली स्कूल, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली काढलेली. नव्या पिढीला हे नाव माहीत नसतं याचं वाईट वाटतं. हा अलिबागकडचा माणूस, सरकारी नोकरी करणारा, काही सावकार नव्हे. आपल्या लोकांची मुलं मिशनच्या शाळांत जातात, तिथे शिक्षण मिळतं पण धर्म दुसऱ्याचा मिळतो, म्हणून एकाच छपराखाली मराठी, हिशोब आणि हिब्रू शिकवणारी आपली शाळा हवी या एका विचाराने त्यांनी आयुष्य घालवलं, लंडनपर्यंत मदतीसाठी पत्रं लिहिली. पुढे 1930 च्या दशकात हाँगकाँग-शांघायचे कदूरी यांच्या देणगीमुळे नाव बदललं.

आई सांगायची की तिच्या लहानपणी वर्गात पेणकर, दिवेकर, राजपूरकर, तळकर अशी सगळी 'कर' मंडळीच भरलेली असायची. आज तिथे आपली मुलं शोधावी लागतील, बहुतेक मुलं आजूबाजूच्या मुसलमान वस्तीतली आहेत. त्यात वाईट काही नाही, गरिबाची पोरं शिकतायत, केहिमकरांनाही आवडलं असतं. पण ज्या कामासाठी शाळा काढली ते काम करणारं आता कुणी नाही.

डॉकयार्ड_मुंबई
काकांशी सहमत. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेची तीच कथा. कलकत्त्यात तर त्याहून ठळक, पार्क स्ट्रीटला ज्यूइश गर्ल्स स्कूल आहे, 1881 ची, आणि वर्गात बहुतेक सगळ्या मुसलमान मुली. बगदादी (बगदादकडून आलेले ज्यू) लोक गेले, शाळा राहिली.

मुद्दा असा की आकडे बघा. 1951 च्या जनगणनेत देशात आपण साडेसव्वीस हजारांच्या आसपास होतो. 2011 ला पाच हजारांच्या आत, महाराष्ट्रात अडीच हजाराच्या आसपास. यात शाळेत जाणारी पोरं किती, ती परत ठाणे, मुंबई, पनवेल, पुणे, अलिबाग अशी विखुरलेली. एक वर्ग भरायचा म्हटलं तरी तीन इयत्ता एकत्र कराव्या लागतील. त्यामुळे "आपली शाळा पुन्हा उभी करू" हे मनाला बरं वाटतं, पण त्यात आणखी दहा वर्षं वाया जातील असं माझं मत.

सोनारआळी_पनवेल
मला नाही पटत. 2016 ला महाराष्ट्राने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला ना, मग त्याचा उपयोग काय? घटनेच्या कलम 30 खाली आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. पारशी किती उरलेत, तरी त्यांच्या संस्था ताठ उभ्या आहेत. आपण आधीच हात वर करतो म्हणून काही होत नाही.

डॉकयार्ड_मुंबई
हक्क आहे, नाही कुठे म्हटलं मी? तो दर्जा राज्याचा आहे, केंद्राच्या यादीत आपण अजून नाही, त्यामुळे केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या वगैरे मिळत नाहीत. पण समजा उद्या सगळं मिळालं, इमारत मिळाली, तरी हिब्रू आणि तोरा शिकवायला मास्तर कुठून आणणार ते सांगा, कारण आज अख्ख्या जिल्ह्यात तोराची गुंडाळी उघडून नीट वाचणारी माणसं बोटावर मोजायची वेळ आलीय. आधी मास्तर, मग इमारत.

रेवदंड्याची_नात
गुंडाळीवरून आठवलं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते (इथे इतरही मंडळी वाचतात). सेफर तोरा हाताने लिहिलेली असते आणि त्यात काना-मात्रा नसतात. प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांच्या खाली-वर टिंबं-रेघा असतात त्याने स्वर कळतो, गुंडाळीत नुसती व्यंजनं. म्हणजे मराठीत 'कमल' आणि 'कोमल' दोन्ही 'कमल' लिहिल्यावर ओळखायचं तसं. चालीच्या खुणाही नाहीत. म्हणून मुलगा वर्षभर तयारी करतो ती पुस्तकावरून पाठ करतो आणि मग गुंडाळीवरून म्हणतो. अर्थ कळत असेल तर अडखळल्यावर सावरता येतं, नुसतं पाठ असेल तर एक शब्द गळाला की सगळी ओळ गळते. हे मी स्वतःच्या भावाच्या वेळी पाहिलंय, बिचारा सगळ्यांसमोर थांबला आणि त्याला पुढचं मागचं काही सुचेना, आमचे हझान (प्रार्थना चालवणारे) हळू आवाजात सांगत गेले म्हणून पार पडलं. तो आज पन्नाशीचा आहे आणि अजून सिनेगॉगमध्ये पुढे बोलावलं की जात नाही.

@ठाण्याची_आई, तुमच्या मुलाला एक गोष्ट दाखवा. शेमाच्या पहिल्या ओळीत शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. गुंडाळीत त्यातला शेवटचा दालेथ मुद्दाम मोठा लिहितात. का, तर तो रेश वाचला गेला तर 'अहेर' होईल, म्हणजे दुसरा, आणि मग वाक्याचा अर्थच उलटा. एका अक्षराच्या कोपऱ्यावर सगळा धर्म उभा आहे. मुलांना हे असं दाखवलं की ती विसरत नाहीत.

ठाण्याची_आई
अगं बाई. आत्ताच दाखवलं त्याला. म्हणतो अहेर म्हणजे लग्नातला आहेर का. पण मग पुस्तक घेऊन दहा मिनिटं दालेथचा कोपरा बघत बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा क्लास नसताना पुस्तक उघडलंय. मनापासून आभार ताई.

अश्दोदहून
शालोम सगळ्यांना. मी 1980 च्या दशकात मुंबईहून इथे इस्राएलला आलो, नातवंडं इथेच जन्मली. तुमच्याकडे मुलगा वाचतो पण कळत नाही, आमच्याकडे अगदी उलटं दुखणं आहे, नातवाला तनाख म्हणजे आपला धर्मग्रंथ वाचल्यावर सगळं समजतं कारण ती त्याची रोजची भाषा, पण आजी पेसाख सणाला आमची मराठी हग्गादा (त्या रात्री वाचायचं पुस्तक) काढून म्हणायला लागली की तो कंटाळून उठून जातो.

इथल्या शाळांचं सांगतो. साधारण असं की एक ममलाख्ती म्हणजे सरकारी शाळा, दुसरी ममलाख्ती-दाती म्हणजे सरकारी पण धार्मिक, आणि तिसऱ्या हरेदी म्हणजे कडक धर्म पाळणाऱ्या लोकांच्या वेगळ्या. साध्या सरकारी शाळेतही तनाख विषय सगळ्यांना असतो, बारावीसारखी बाग्रूत परीक्षा असते त्यातही. आपली बरीच मुलं पहिल्या दोन प्रकारांत. हरेदी मुलांच्या शाळांत मोठ्या वयात दिवसभर तालमूद (धर्मशास्त्र) आणि गणित-इंग्रजी फार थोडं, यावरून इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे, पोरं पुढे कमावणार कशी हा प्रश्न आहेच.

पण मला सांगायचं ते वेगळंच. शाळेत माझ्या नातवाला जो ज्यू धर्म शिकवतात त्यात आपला मलिदाचा विधी नाही. एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव आहे पण अलिबागजवळच्या खंडाळ्याचा त्याच्या आठवणीचा दगड नाही, पोहे-खोबरं-साखर नाही, आपण कोकणातून आलो आणि दोन हजार वर्षं शनिवार पाळला म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणायचे हे नाही. आपल्या लोकांना 1960 नंतर इथे काय सोसावं लागलं, तुम्ही पुरते ज्यू आहात का म्हणून रब्बींनी लग्नांना अडवलं, लोकांनी धरणं धरली, शेवटी 1964 ला क्नेसेटने म्हणजे इथल्या संसदेने ठराव केला, हे तर अजिबात नाही. म्हणजे शाळा भरपूर आहेत, तरी आमचं आम्हालाच घरी शिकवावं लागतं. शाळा आली की प्रश्न सुटला असं समजू नका एवढंच.

सोनारआळी_पनवेल
काका हे वाचून गप्प झालो. असा विचार केला नव्हता.

चौल_मास्तर
मी बेने इस्राएल नाही, अलिबाग तालुक्यात प्राथमिक शाळेत नोकरी करून निवृत्त झालो. धागा वाचतोय पहिल्यापासून, दोन शब्द बोलू का? आमच्याकडे मुंजीत बटू गायत्री म्हणतो, संध्या पाठ करतो, त्यालाही कुणी अर्थ सांगत नाही, चार महिन्यांनी सगळं विसरतो. तुमच्या मुलाने निदान विचारलं तरी.

अलिबागला इस्राएल आळीत माझं जाणं असायचं. मागेन अबोथ सिनेगॉग 1848 चं, बाजूला घरं, ओटीवर बसलेली म्हातारी माणसं. त्यातल्या एका आजोबांकडे मराठी आणि हिब्रू शेजारी शेजारी छापलेली पुस्तकं होती, पिवळी झालेली. त्यांनी मला सांगितलं होतं की आमच्या धर्माची पुस्तकं पहिल्यांदा समजली ती मराठीतून. हे खरं आहे का? की म्हाताऱ्या माणसाचा अभिमान?

जुना_माझगावकर
मास्तर, अगदी खरं आहे, आणि हाच माझा जिव्हाळ्याचा विषय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावला लागले ही आठवण, पण हिब्रू आणि पुस्तकं बुडाली, उरलं काय तर शेमा, शनिवार, सुंता, खाण्याचे नियम आणि सण, तेही मराठी नावांनी. नव्याचा सण, दरफळणीचा सण, खिरीचा सण. मग दाविद रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यू माणसाने धर्म शिकवला, काजी म्हणजे धर्मकार्य बघणारे नेमले अशी आपली आठवण सांगते. 1796 ला सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. नंतर कोचीनहून मास्तर आले, शेलोमो सालेम शुर्राबी नावाचे हझान 1826 च्या सुमारास आले आणि मरेपर्यंत मुंबईत शिकवत राहिले. त्याच काळात अमेरिकन मिशन आणि जॉन विल्सन, त्यांना आपल्याला ख्रिस्ती करायचं होतं, त्यासाठी त्यांनी आपल्याला हिब्रू शिकवलं, विल्सनने 1832 ला मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला.

पुढचं काम आपल्याच माणसांनी केलं. 1846 ला मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, 1874 ला पुण्यात सचित्र निघाली, त्यातल्या चित्रांत मात्झा (बिनखमिराची भाकरी) करणाऱ्या बायका आपल्या मराठी पेहरावात आहेत. जोसेफ यहेजकेल राजपूरकर, ससूनांच्या शाळेचे बरीच वर्षं मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक, यांनी प्रार्थनांची किती भाषांतरं मराठीत केली त्याला गणती नाही. आणि 1880 च्या सुमारास कीर्तनं सुरू झाली! हो, कीर्तनं. पूर्वरंग-उत्तररंग, आर्या, साकी, दिंडी, पेटी आणि टाळ, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, एस्तेर राणीचं. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं पण योसेफाला भावांनी विहिरीत टाकल्याची साकी म्हणताना तिचा आवाज कापायचा. ती कधी शाळेत गेली नाही, तिची शाळा कीर्तन.

म्हणून ताई, तुमच्या सासऱ्यांच्या वहीतली ती बारीक मराठी ओळ आहे ना, तीच आपली परंपरा. हिब्रू वर, मराठी खाली. मधल्या काळात आपण खालची ओळ गाळून टाकली, इंग्रजी माध्यम आलं, पुस्तकं अमेरिकेहून इंग्रजीत आली, आणि मुलांना वरची ओळ फक्त आवाज म्हणून उरली.

रेवदंड्याची_नात
काका 🙏🙏 हे सगळं कुठेतरी नीट लिहून ठेवा.

कांदिवलीची_रिबेका
थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. माझ्या मुलांना मराठी नीट वाचता येत नाही. इंग्रजी माध्यम, घरी हिंदी-इंग्रजी. त्यांना खालची ओळ मराठीत दिली तर दोन भाषा शिकवायला लागतील. आणि मुलींचं काय? सगळा धागा बार मिट्झवावर चाललाय. माझ्या मुलीला बारा पूर्ण झाले तेव्हा केक कापला आणि फोटो काढले, तिने एक अक्षर शिकलं नाही, कारण "तिला कुठे वाचायचंय". उद्या घरात दिवे तीच लावणार, पेसाखची तयारी तीच करणार, मुलांना तीच सांगणार. मग तिला नको का?

अजून एक. तिची सहामाही परीक्षा बरोब्बर योम किप्पूर या आपल्या मोठ्या उपासाच्या दिवशी आली. शाळेत जाऊन सांगितलं तर बाईंनी विचारलं हा कुठला सण, कॅलेंडरमध्ये तर नाही. शेवटी तिने उपास धरून पेपर लिहिला, त्या दिवशी लिहायचं नसतं हे माहीत असून. संध्याकाळी ती म्हणाली मम्मी आपला सण खरा आहे ना? हे मला कुठल्याही क्लासला पाठवून भरून निघणार नाही.

ठाण्याची_आई
रिबेका, राग कसला, उलट डोळे उघडलेस. माझी मोठी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिलाही मी काही शिकवलं नाही आणि परवा ती दारात उभी राहून भावाचं ऐकत होती.

अश्दोदहून
रिबेकाताई, अर्थ मराठीत, इंग्रजीत, कशातही द्या हो, पण द्या. भाषेवरून अडू नका. मात्र मलिदाची गाणी आणि सणांची नावं मराठीतच राहू द्या, ती भाषांतरात मरतात.

डॉकयार्ड_मुंबई
मुलांसाठी काय काय आहे तेही सांगतो. वरळीला ओआरटी ही ज्यू संस्था होती, 1960 च्या दशकापासून मुलांना धंदेशिक्षण द्यायची, कितीतरी जणांचं पोट त्यावर उभं राहिलं, धर्माचे वर्गही व्हायचे. कुलाब्याला नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र, 2008 च्या हल्ल्यात रब्बी गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग गेले, 2014 ला ते घर पुन्हा उघडलं. कम्युनिटी सेंटरमध्ये सणांचे कार्यक्रम, शिबिरं होतात. म्हणजे काहीच नाही असं नाही. पण सगळं दक्षिण मुंबईच्या बाजूला, आणि आपली माणसं आता ठाणे-कल्याण-पनवेलकडे. आठ वर्षांच्या पोराला घेऊन रविवारी लोकलने दीड तास कोण जाणार.

सोनारआळी_पनवेल
मग जिथे माणसं आहेत तिथे वर्ग न्यावा. आमचं बेथ एल सिनेगॉग 1849 चं आहे, हॉल आठवडाभर रिकामा असतो. ठाण्याचं शाआर हश्शामाइम 1879 चं. मी शाळेचा हट्ट सोडला बरं का. पण रविवारी सकाळी दोन तास, मुलं-मुली एकत्र, आठ ते सतरा सगळे, एवढं तर जमेल? मी चटया, चहा-बिस्किटं आणि पनवेलहून मुलांना आणायची जबाबदारी घेतो, माझी इको आहे.

जुना_माझगावकर
मास्तर म्हणून मी येतो. गुडघे दुखतात, जिने नकोत, बाकी आवाज अजून आहे. माझी हिब्रू पंडिताची नाही, पण प्रार्थनेतला शब्दन् शब्द फोडून सांगू शकतो. चालीसाठी व्हिडिओ कॉलवाले गुरुजी आहेतच, ते तसेच चालू ठेवा, ते अर्ध्या तासात अर्थ सांगत बसू शकत नाहीत यात त्यांचा दोष नाही.

रेवदंड्याची_नात
मी अक्षरं घेते लहान मुलांची. आणि काका, कीर्तनातलं एक तरी पद शिकवाच, माझ्याकडे पेटी आहे.

चौल_मास्तर
मराठी वाचन कच्चं असलेल्या मुलांना मी महिन्यातून एकदा येऊन शिकवीन. चाळीस वर्षं तेच केलंय. पैसे-बिसे काही नकोत.

कांदिवलीची_रिबेका
कांदिवली ते ठाणे लांब पडेल, पण मुलीला विचारलं तर म्हणाली जाऊ या. तिने विचारलंय की मुलींना पुढे बसायला मिळेल का.

जुना_माझगावकर
बाळाला सांगा, पहिल्या रांगेत.

ठाण्याची_आई
काय बोलू, सुचत नाहीये. सिनेगॉगच्या मंडळींशी सकाळी बोलले, सण सोडून बाकीच्या रविवारी हॉल मिळेल म्हणाले. तर या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला. सासऱ्यांच्या वहीतली शेमाची दोन पानं झेरॉक्स करून ठेवते, सगळ्यांना एकेक. मुलांनी दोनशे पानी वही आणावी, एक ओळ सोडून लिहायचंय, वर हिब्रू आणि सोडलेल्या ओळीत अर्थ, ज्याला जी भाषा येते त्यात. सुरुवात 'वेशिनन्ताम लेवानेखा' पासून करू या असं काकांचं म्हणणं आहे. डोंबिवली, खारघर, कल्याणचं कुणी असेल तर इथेच लिहा, पनवेलच्या गाडीत अजून तीन जागा आहेत.